परसातली भट्टी

परळीच्या वीजकेंद्रातली राख, चुना आणि जिप्सम मिसळून दाबलेल्या विटा नुसत्या पाण्यावर पक्क्या होतात. घर उभं राहायच्या आधीच त्याच्या विटा भाजण्यात जो कोळसा जळतो तो वाचवायचा, हे माझं काम. पण अठ्ठ्याण्णव साली मी इंजिनिअर होऊन आले तेव्हा घाटनांदूरला हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मुलीनं मास्तरीण व्हावं, फार तर नर्स. आमच्या अप्पांचं बाजारात सिमेंट-पत्र्यांचं दुकान. "राखंचं घर? मसणात ऱ्हायचंय का?" असं ते गिऱ्हाइकांदेखत म्हणायचे. मग मीही हट्टाला पेटले आणि परसातच विटा पाडल्या.

लातूरच्या घरं बांधणाऱ्या एका संस्थेचे सुंदरराव साहेब सोमवारी त्या तपासायला येणार होते. विटा टिकल्या तर मला त्यांच्याकडे इंजिनिअरची नोकरी, नाहीतर दुकानात खिळे तोलायचे. मध्येच अंबाजोगाईला मैत्रिणीचं लग्न निघालं. जाताना मी आईला बजावलं, "रोज पाणी मार, बाकी हात लावू नको."

सोमवारी सकाळी परतले तर परसात धूर. माझ्या विटा भट्टीसारख्या रचलेल्या, बाहेरून चिखलानं लिंपलेल्या, खाली बाभळीचे निखारे. वीटभट्टीवाले धुळाजीमामा कडेनं विटा उपसत होते.

"कावून गं अशी बघायलीस?" अप्पा कौतुकानं म्हणाले. "कच्च्याच ठिवल्या व्हत्या तू. तुजी माय नगं म्हनत व्हती, पर लोकं हसायलते. म्हनलं, सायबाम्होरं पोरीची फजिती न्हाई होऊ द्यायची. लाकूड माज्या पदरचं."

फुकट चिमूटभर मीठ न देणारा माणूस! मी एक गार झालेली वीट उचलून पाण्याच्या बादलीत टाकली. ती फसफसली, तडकली आणि बघता बघता तिचा गाळ झाला.

"अप्पा, ह्या भाजायच्या नसतात. भाजल्या की आतला चुना पाण्यात फुटतो."

"मंग पक्क्या कशा होत्यात?"

"पाण्यानं. भट्टी लागत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप."

अप्पा बादलीत बघत राहिले. धुळाजीमामांनी हातातली वीट हळूच खाली ठेवली.

तेवढ्यात दारात जीप थांबली. साहेब आत यायच्या आधी अप्पाच पुढे झाले, हात जोडून.

"सायेब, भट्टी म्या लावली. पोरीला काई म्हनू नका. माजी पोर इंजिनेर हाय, तिला समदं ठावं हाय."

साहेब शांतपणे म्हणाले, "नवीन विटा पाडून पक्क्या व्हायला महिना जाईल. जागा या आठवड्यात भरायची आहे." चहाही न घेता ते निघाले.

मला भांडायचं होतं, अगदी गल्ली गोळा होईल असं. पण भांडू कुणाशी? अप्पा पहिल्यांदाच माझ्या बाजूनं उभे राहिले होते, आणि तेवढ्यानंच माझी नोकरी गेली होती.