खंडेनवमीचं दुसरं मशीन

मोहियोद्दीननं भिंतीवरून मान वर काढून सांगितलं की त्याला लाकडं कापायचं आणखी एक मशीन घ्यायचंय, आणि ते पसंत करायला मी त्याच्याबरोबर मोंढ्यात यायचं. मी तेव्हा दाढी करत होतो. येतो म्हणालो आणि हनुवटीला कापून घेतलं.

यात चिडण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. सांगतो. मुकुंदवाडीत आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत, मधली भिंत एकच. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांत मिळून पेट्रोलचं एक चेनसॉ घेतलं. मला लाकूड लागतं ते बंबाला. घरात गीझर आहे, पण आमची मनकर्णा त्यातल्या पाण्याला पाणीच म्हणत नाही. तिच्या माहेरून आलेला तांब्याचा बंब रोज सकाळी पेटलाच पाहिजे. मोहियोद्दीनला लाकूड लागतं देगेखाली. लग्नाकार्यात नान-खलिया करावा तर त्यानंच, आणि गॅसवर शिजलेल्या खलियाला तोही खलिया म्हणत नाही. असे हे दोन घरांतले दोन हट्ट, त्यांच्यापायी ते मशीन आलं. पेट्रोल माझं, ऑईल त्याचं. मशीन राहायचं त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, माझ्या घरी पाटावर.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि त्या दिवशी चालवायची नाहीत, हा आमच्याकडचा नेम. पहिल्या वर्षी मनकर्णानं विळ्या-कुऱ्हाडीवर ओततात तसं मशीनवरही तांब्याभर पाणी ओतलं, वर अक्षता टाकल्या. पुढं आठ दिवस ते सुरूच होईना. मोहियोद्दीननं फिल्टर उघडून हळदीचे तांदूळ एकेक करून वेचून काढले, पण तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हापासून दरवर्षी तो स्वतः मशीन पुसून आणतो, फिल्टरच्या तोंडाला फडकं बांधतो आणि कुंकू फक्त मुठीला लावा असं मनकर्णाला बजावतो. दसऱ्याला सोनं द्यायला आला की मशीन परत घेऊन जातो. एकाच मशीनवर दोन घरांचा एवढा राबता होता. आता त्याला दुसरं हवं होतं.

दुसरं म्हणजे काय? चुली वेगळ्या करायच्या असल्या की माणूस आधी दुसरा तवा आणतो. मला तर सरळ वाटणीच दिसायला लागली.

माझं काय चुकलं, ते मी आठवायला बसलो. उन्हाळ्यात त्याच्या घरी लग्न होतं, तेव्हा मी जेवायला उशिरा गेलो, ते लागलं असेल? की पेट्रोलमध्ये ऑईल कमी पडलं आणि मशीन तापलं, तो राग असेल? काही धागा लागेना. एक गोष्ट मात्र खरी होती. गेल्या हिवाळ्यापासून तो मशीन माझ्या हातात देतच नव्हता. मी शेताच्या बांधावरची वाळलेली बाभूळ आणून टाकली की लगेच भिंतीला वळसा घालून यायचा, स्वतःच दोरी ओढायचा, स्वतःच कापायचा, आणि मला म्हणायचा की तू नुसती ढलप्यांची थप्पी लाव. मला, ज्यानं चिकलठाण्याच्या कंपनीत तीस वर्षं ग्राइंडर चालवला त्याला. मशीन दोघांचं असून त्यानं ते बळकावलं होतं, असा माझा हिशेब.

आता एक गोष्ट मी घरातही सांगितली नव्हती, ती तुम्हाला सांगतो. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेल्या पौषापासून बधिर आहेत. सकाळी सदऱ्याचं बटण लागत नाही, कपाचा कान धरलेला कळत नाही. ग्राइंडरनं दिलेलं पेन्शन असावं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, म्हणून मी तो हात खिशात ठेवायला लागलो होतो. कुणाच्या लक्षात आलेलं नाही याबद्दल माझी खात्री होती.

मनकर्णाला वाटणीची शंका बोलून दाखवली. ती म्हणाली की भिंतीपलीकडं माणूस बसलाय, जाऊन विचारा. पण विचारायचं म्हणजे आपल्याला लागलंय हे कबूल करायचं. मी नाही विचारलं. धुतलेला सदरा घातला आणि त्याच्या स्कूटरवर मागं बसलो.

मोंढ्यातल्या दुकानदाराचं नाव काकासाहेब. त्यानं काउंटरवर सात मशीनं मांडली आणि माझं डोकं आणखीच फिरलं. एक बॅटरीचं, एक विजेचं, बाकी पेट्रोलची. त्यात बारा इंची पट्टी, सोळा इंची, अठरा, बावीस. एकाच्या चेनला ऑईल आपोआप सुटतं, दुसऱ्याला पंप दाबावा लागतो. एकाची दोरी अलगद ओढली जाते म्हणे, दुसरीला झटका द्यावा लागतो. काकासाहेब प्रत्येक मशीन उचलताना हेच सगळ्यात चांगलं असं सांगायचा आणि खाली ठेवताना पुढचं त्याहून चांगलं म्हणायचा. आमचं पहिलं मशीन घेताना दुकानात एकच होतं, ते किती बरं होतं.

काकासाहेबानं विचारलं की कापायचंय काय. मोहियोद्दीन म्हणाला, बाभूळ, बंबापुरती. मला चमत्कारिक वाटलं, कारण बंब माझा होता, त्याच्याकडं देग. देगेखाली मांडीएवढाले ओंडके लागतात. पण मी रागात होतो, आणि रागात माणसाला ऐकू येतं ते त्याच्या रागापुरतंच. मला वाटलं, म्हणजे आता हाही बंब घेणार, दसऱ्याला मनकर्णाच्या हातचा चहासुद्धा बंद होणार.

मग त्यानं एक नवीनच तऱ्हा सुरू केली. स्वतः एकाही मशीनला हात लावेना. प्रत्येक मशीन माझ्यापुढं सरकवायचा.

"कारभारी, तू उचलून बघ. तेरे हाथ को कैसा लगता, बोल."

मी म्हणालो की मशीन तुझं आहे, तूच उचल. तो म्हणाला, तू फिटर माणूस, तुझ्या हाताला कळतं. बारा इंचीचं छोटं मशीन त्यानं दोनदा माझ्यापुढं केलं. काकासाहेबानंही री ओढली की काका, तुमच्या वयाला हेच बरं, मनगटावर भार येत नाही. हे वय कुणाचं काढतो? माझं तर सगळं अंगच पेटलं. मोहियोद्दीनला उजवी बाजू दिसणार नाही असा वळलो, उजवा हात खिशात तसाच ठेवला, डाव्या हातानं कोपऱ्यातलं बावीस इंचीचं धूड उचललं, छातीपर्यंत नेलं आणि खाली ठेवलं. खांद्यात कळ आली ती गिळली.

मी सांगितलं की घ्यायचं तर हेच, बाकीची खेळणी आहेत. खरं सांगतो, ते मशीन चांगलं नव्हतंच. पट्टी लांब, पुढून जड, आणि मुठीला रबरही धड नाही, म्हणजे सगळा थरथराट हातात येणार. तीस वर्षं ग्राइंडर चालवलेल्या माणसाला हे बघताक्षणी कळतं, मलाही कळलं होतं. पण मनात आलं, व्हायचंय ना वेगळं, मग घे हे, आणि फोड हात. असा विचार मी केला. त्याची आता लाज वाटते, पण केला हे खरं.

मोहियोद्दीन गोंधळला. त्यानं छोट्या मशीनकडं पाहिलं, मोठ्याकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं.

"खरंच? तुझ्या हाताला हेच बरं वाटतंय?"

"फुलासारखं आहे," मी म्हणालो.

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. मग त्यानं मोठं मशीन बांधायला सांगितलं. बदलून द्यायचं झालं तर न वापरता आणा, एवढं काकासाहेबानं आपणहून सांगितलं. येताना खोकं मी मांडीवर धरून बसलो होतो.

पुढं आठ दिवस त्यानं नवीन मशीन शेडबाहेर काढलं नाही. मी कान लावून होतो. एकदा सुरू झाल्याचा आवाज आला म्हणून गच्चीवर गेलो तर तो जुन्याच मशीननं देगेची लाकडं कापत होता. मग नवीन आणलं कशाला? पूजेला ठेवायचं म्हणावं तर तो नमाजी माणूस. विकायला म्हणावं तर तसला स्वभाव नाही. त्याच्या घरच्या जमिलाभाभी दिसल्या, त्यांना आडून विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या की मला मशीनीतलं काही कळत नाही. सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि मीच तेवढा येडा, असं वाटायला लागलं.

खंडेनवमी आली. मनकर्णानं सकाळी पाट मांडला, विळा, कुऱ्हाड, माझा जुना पान्ह्यांचा डबा, शिवणाचं मशीन असं सगळं ओळीनं ठेवलं आणि जुन्या मशीनपुरती जागा मोकळी सोडली. मी त्या मोकळ्या जागेकडं बघत बसलो. आज मशीन आलं नाही तर वाटणी झाली, आणि आलं तर अजून काहीतरी शिल्लक आहे, एवढं मी मनाशी ठरवलं होतं. साठी उलटलेल्या माणसाला दुसरा शेजारी मिळतो, दुसरा मोहियोद्दीन कुठून मिळणार.

तो आला तो खोकं घेऊनच. नवीन मशीन काढलं, फिल्टरच्या तोंडाला फडकं बांधलं आणि मोकळ्या जागेवर ठेवलं. मनकर्णा हातात ताट घेऊन उभीच होती. तिनं आधी कुंकू लावलं आणि मग विचारलं.

"हे मोठं कोणाचं म्हणायचं? आपलं कुठंय?"

"जुनं माझ्याकडं राहू द्या वैनी," मोहियोद्दीन म्हणाला. "हे कारभारीचं."

मला काही कळेना. म्हणालो, माझं कसं? तू तर तुझ्यासाठी घेतलंस.

तो पाटाशेजारी खाली बसला आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागला. पौषात एका सकाळी मी मशीन चालवत होतो आणि मूठ माझ्या हातातून निसटली होती. चेन मांडीपासून वीतभर लांब होती. ती किती जवळ आली ते मला कळलंसुद्धा नव्हतं, मी मूठ परत धरून कापत राहिलो होतो. त्यानं भिंतीवरून पाहिलं होतं. त्या दिवसापासून तो मशीन माझ्या हातात देत नव्हता. पण वर्षभर मला थप्पी लावत बसवायचं त्याच्याही जिवावर आलं होतं. मी चिडतो, कुढतो, हे त्याला दिसत होतं. म्हणून माझ्या हाताला झेपेल असं हलकं मशीन घ्यायचं त्यानं ठरवलं.

"तुला तोंडावर म्हणलो असतो, तुझा हात गेलाय, तर तू मशीन माझ्या डोक्यात घातलं असतं," तो म्हणाला. "म्हणून तुलाच नेलं. म्हणलं, तुझा हात काय निवडतो ते बघू. तू हे धूड फुलासारखं उचललंस. मला वाटलं, मीच चुकलो. लई बरं वाटलं मला, कारभारी. आठ दिवस मी खुश होतो."

हे शेवटचं वाक्य मला सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या.

मी सगळं सांगितलं. डाव्या हातानं उचललं हे सांगितलं. मुद्दाम वाईट मशीन दाखवलं, तुझे हात फुटावेत म्हणून दाखवलं, हेही सांगितलं. तू वेगळा व्हायला निघालास असं वाटलं होतं, हे शेवटी सांगून टाकलं. मनकर्णा ताट धरून तशीच उभी राहिली. तिला बोटांचं आत्ता कळत होतं, आणि तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

मोहियोद्दीननं मनकर्णाला विचारलं की काकासाहेबाकडून बदलून आणू का, अजून वापरलेलं नाही. ती म्हणाली, पूजा झालेलं हत्यार परत देत नसतात, कुंकू लागलं म्हणजे ते घरचं झालं. तिचं बरोबर होतं. आता हे न उचलवणारं मशीन जन्मभर आमच्याच गळ्यात होतं, आणि निवड माझी होती. बारा इंची की सोळा इंची, ऑईल, दोरी, इतकं सगळं ऐकून मी नेमकं तेच आणलं होतं, ज्याच्यापासून त्याला मला वाचवायचं होतं.

"उद्या बघू मशिनीचं," मनकर्णा म्हणाली. "आज हत्यार चालवायचं नसतं. आधी तो हात काढा खिशातून."

मी हात काढला. मोहियोद्दीननं तो आपल्या मांडीवर घेतला, पालथा केला, उताणा केला. देगा घासून घासून त्याचे तळवे खरखरीत झालेत, पण ते मला फक्त अर्ध्या हाताला लागत होतं.

"आता खरं बोल. तेरे हाथ को कैसा लगता?"

त्यानं करंगळी दाबली.

"कळतंय?"

"नाय," मी म्हणालो.

मनकर्णानं ताट खाली ठेवलं आणि ती आमच्याजवळ येऊन बसली. मग त्यानं पुढचं बोट धरलं.