अख्खी प्लेट

फ्लोरिडात ज्या बागांमध्ये मी तरुणपणी संत्री तोडली, तिथे आता रिसॉर्टं उभी आहेत. शेजारच्या करमणुकीच्या पार्कातल्या झुल्यांत बसायला दुरून दुरून माणसं येतात. मी आणि माझी बायको ओलीटा मात्र पार्कात पाऊल टाकत नाही. तिकिटाच्या पैशात आमचा किराणा भरतो. आम्ही जातो ते रिसॉर्टात जेवायला.

त्याचं एक शास्त्र आहे. टेबल आधी राखून ठेवलं की गाडी लावायचे पैसे पडत नाहीत. रात्री जायचं नाही, दुपारी जायचं; स्वयंपाकघर तेच, भाव निम्मा. पाणी लिंबाची फोड घालून मागायचं, ते फुकट. पावाची टोपली संपली की दुसरी येते. मेनू कार्ड उजवीकडून वाचायचं, कारण भाव उजवीकडे असतात. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे एक प्लेट, दोन काटे.

ओलीटाचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला तेव्हा मी तिला विचारलं, "काय आणू तुला?"

"काही आणू नकोस. तळ्याकाठच्या त्या रेस्टॉरंटात मला अख्खी प्लेट हवी. माझी एकटीची. तुझा काटा त्यात नको."

"माझा काटा काय वाईट करतो?"

"माशाचा मधला भाग खातो," ती म्हणाली. "आणि मला सांगतो, कडेचा घे, कुरकुरीत असतो."

मी टेबल राखायला फोन उचलला.

त्या दिवशी तिने निळा झगा घातला, मोत्याच्या कुड्या घातल्या. खिडकीजवळचं टेबल मिळालं. आम्हाला ओळखणारी मारिसेलाच वाढायला होती, पण तिचा चेहरा उतरलेला.

"मिस ओलीटा, या महिन्यापासून दुपारीही ठरलेलं जेवण झालंय. एकामागून एक तीन पदार्थ. भाव माणशी, आणि टेबलावर बसेल त्या प्रत्येकाने घ्यायचंच."

मी कार्ड उजवीकडून वाचलं. आकडा एकच होता. खिशात पैसे एका माणसापुरते होते, वर थोडे.

ओलीटाने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पर्स उचलली. "चल, थर्मन. कुठेतरी सँडविच खाऊ."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठायला लागली होती.

"मारिसेला," मी म्हणालो, "त्या कठड्यापलीकडच्या बारमध्ये सूप मिळतं ना?"

"मिळतं. तिथे हा नियम नाही."

"मग बाई टेबलावर आणि म्हातारा बारवर."

"वाढदिवसाला मी एकटी जेवू?" ओलीटा म्हणाली. "लोकांना वाटेल, नवऱ्याने टाकलीय."

"वाटेल, नवरा फार खातो म्हणून हाकललाय."

तिने तळ्याकडे पाहिलं. मग शेजारच्या टेबलावर नुकताच आलेला मासा पाहिला. पर्स खाली ठेवली.

"जा," ती म्हणाली. "आणि सारखा माझ्याकडे बघू नकोस."

मी बारच्या उंच स्टुलावर बसलो आणि खेकड्याचं सूप मागवलं. बघू नकोस म्हटल्यावर बघायचं थोडंच राहतं. तिच्यापुढे मासा आला तसा मी मारिसेलाला म्हणालो, "पोरी, विचार तिला, कसा आहे."

मारिसेला जाऊन आली. "म्हणाल्या, तोंड भरलंय, नंतर सांगते."

थोड्या वेळाने मी पुन्हा पाठवलं. "विचार, मऊ आहे का."

"म्हणाल्या, मधला भाग मऊ आहे. कडेचा कुरकुरीत आहे, तुम्ही सांगता तसाच, आणि आज तोही त्याच खाणार आहेत."

मला वाटलं होतं, तिला एकटं वाटेल. तसं काही दिसेना. शेजारच्या टेबलावर पार्कात विकतात ते कापडी कान डोक्याला लावलेलं एक कुटुंब होतं. त्यांच्या आजोबांशी तिच्या गप्पा रंगल्या. त्यांच्या कुठल्याशा गोष्टीवर ती मान मागे टाकून हसली. मी पावाला लोणी लावत राहिलो.

मेणबत्ती लावलेला चॉकलेटचा केक आला. कानवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही इकडून वाजवल्या, तर बारवाल्याला वाटलं मी त्यालाच बोलावतोय.

शेवटी मारिसेला माझ्याकडे आली. तिच्या हातात रुमालाने झाकलेली बशी होती. "मिस ओलीटांनी पाठवलंय."

मी मिशा पुसल्या, चमचा सरसावला आणि रुमाल उचलला. खाली बिल होतं.

बिल भरलं. परत येताना आम्ही रिसॉर्टची फुकटची होडी घेतली आणि तळ्यावर एक फेरी मारली. ओलीटाने बूट काढून पाय लांब केले आणि मला अख्खं जेवण सांगितलं, पहिल्या घासापासून. माशाखाली कसली चटणी होती, केक आतून कसा ओघळला, सगळं.

ती थांबल्यावर मी विचारलं, "एक घास माझ्यासाठी ठेवावा, असं नाही वाटलं?"

"वाटलं ना," ती म्हणाली. "दोनदा वाटलं. मग खाल्ला."