भुताची थोरली बहीण

त्या भयपटात थोरली नायिका होती आणि धाकटी भूत. बंद पडलेल्या गोदामात, तुटपुंज्या पैशांत उरकलेला सिनेमा. भुताला एकही संवाद नव्हता. चादर गुंडाळून जिन्यावर उभं राहायचं आणि एकदा किंचाळायचं, बस. थोरलीला तेव्हा बहिणीची कीव आली होती.

चाळीस वर्षांनी वारं फिरलं. तरुण मंडळींना त्या सिनेमाचं खूळ लागलं. पुठ्ठ्याची भिंत हलते, वटवाघळाची दोरी दिसते, तरी ही मंडळी तो पुन्हा पुन्हा बघायची, हसता हसता दचकायची. भुताचा चेहरा छापलेले टीशर्ट निघाले. नायिकेला कुणी ओळखेना. धाकटीच्या घरी चाहत्यांची फुलं आली की थोरली ‘छान आहेत’ म्हणायची आणि मग दिवसभर तिला घास गोड लागायचा नाही.

एका खास खेळाला धाकटीला बोलावलं. थोरली सोबतीला गेली. खेळ संपल्यावर निवेदकाने धाकटीला मंचावर नेलं आणि जिन्यावरची ती गाजलेली किंकाळी ऐकवायची गळ घातली. माईक हातात घेऊन धाकटी गप्पच. किंकाळी तिची नव्हतीच. आवाज भरायच्या दिवशी तिचा घसा बसला होता, म्हणून थोरलीने ती दिली होती. आता हे दोघींनाच ठाऊक होतं.

होऊ दे जरा फजिती, असं थोरलीच्या मनात आलं. पण तिलाच राहवेना. ती खुर्चीतून उठली आणि साठी उलटलेल्या घशातून अशी किंचाळली की थिएटर गारठलं. मग टाळ्यांचा कडकडाट. बाहेर सगळे थोरलीभोवती जमले. धाकटी दोघींच्या पर्स सांभाळत उभी राहिली.

टॅक्सीत ती म्हणाली, “मी खरं सांगणारच होते.”

“मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस?”

“तू नायिका होतीस, ताई. सगळं तुझंच होतं. म्हटलं, एवढी एक किंकाळी तरी माझी असू दे.”

थोरली चकित झाली. जळायचा मक्ता आपल्या एकटीचाच आहे, असं तिला आजवर वाटत आलं होतं. तिने बहिणीचा हात धरला. धाकटीने तो सोडवला नाही, पण दाबलाही नाही.

पुढच्या खेळाचं आमंत्रण थोरलीच्या एकटीच्या नावाने आलं. तिने ते धाकटीला फोनवर वाचून दाखवलं. नीट ऐकू आलं नाही, असं धाकटी म्हणाली, तेव्हा पुन्हा एकदा, सावकाश.