बरणीचा वास

डोळे मिटा आणि एक बरणी समोर आणा बरं. काचेची, रुंद तोंडाची. झाकणाच्या जागी पातळ फडकं ताणून रबराने बांधलेलं. ती उभी नाही. थाळीत तिरपी, तोंड खाली करून ठेवली आहे, म्हणजे आतलं पाणी थेंबथेंब निथळून जाईल. आत ओले राळे आहेत, मोहरीएवढे पिवळे दाणे. नीट पाहिलंत तर काही दाण्यांना टाचणीच्या टोकाएवढा पांढरा कोंब फुटला आहे. आता त्या बरणीला नाक लावा. कसला वास आला? लगेच सांगू नका. या गोष्टीत सगळं त्या वासावर अडलेलं आहे.

ही बरणी एका मुलीच्या मामाची. मामा गाड्यांना रंग मारायचा. गॅरेजात दिवसभर तोंडाला कापड बांधून फवाऱ्याने रंग उडवायचा, आणि घरी आला की हात घासून घासून धुऊन थेट गॅलरीत. तिथे त्याचा फिंच पक्ष्यांचा पिंजरा होता. फिंच म्हणजे मुठीत मावेल एवढा पक्षी, चोच गाजरासारखी लाल, आणि आवाज एखाद्या बारक्या खेळण्यातल्या पिपाणीसारखा. मुलगी, तिची आई आणि मामा असे तिघं त्या घरात राहायचे. आई कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची आणि दिवेलागणीला परतायची. मुलीला मामा ‘चौकशी’ म्हणायचा, कारण ती ‘का’ विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसे. मग आईही तेच म्हणू लागली आणि खरं नाव शाळेपुरतं उरलं.

मोड काढायचं काम चौकशी मामाकडूनच शिकली. तुम्हीही शिकून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. कोरडे दाणे खाऊन फिंच जगतो, पण पिल्लं असली की त्याच्या आईबापांना काहीतरी मऊ आणि ताजं लागतं. म्हणून राळे रात्रभर भिजवायचे, सकाळी पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चोळून धुवायचे आणि बरणी तिरपी ठेवायची. दाणे ओलसर हवेत, पाण्यात बुडालेले नकोत. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पुन्हा धुवायचे, उकाड्यात तर न चुकता. कोंब नुसता डोकावला की वाटीत घालायचे आणि थोड्या वेळाने उरलेले उचलून टाकायचे, कारण ओला दाणा पिंजऱ्यात पडून राहिला की नासतो. बरणी रिकामी झाली की उकळत्या पाण्याने धुवायची. फडकंसुद्धा.

“एवढं सगळं का?” चौकशीने विचारलं होतं.

“कारण बी जागं होतं तेव्हा एकटं जागं होत नाही,” मामा म्हणाला. “त्याच ओलाव्यात नको ती घाणही जागी होते. दिसायला लागते उशिरा. नाकाला आधी कळते.”

म्हणून शेवटचं काम वासाचं, आणि ते फक्त मामाचं. रोज सकाळी तो फडकं काढायचा, बरणीत नाक घालायचा, डोळे मिटायचा. नुकतं पाणी घातलेल्या कुंडीसारखा वास आला तर “वाढा पंगत” म्हणायचा. जराशी आंबट झाक वाटली की सगळे राळे कचऱ्यात. एकदा तर आईने हटकलं की अरे चांगले दिसतायत, कशाला टाकतोस. मामा म्हणाला, ताई, तू शिलाई बघ, मी नाक बघतो.

मग उन्हाळा तोंडावर आला असताना मामाला ताप आला. चांगलाच झोपवला त्या तापाने. उठला तेव्हा गाल बसले होते, जेवताना तो ताटाकडे नुसता बघत बसायचा, आणि आई म्हणायची की अशक्तपणा आहे, जाईल. कामावर परत जाऊ लागला. बरणीही पुन्हा त्याच्या हातात आली. फडकं काढणं, नाक घालणं, डोळे मिटणं, “वाढा पंगत,” सगळं पहिल्यासारखं.

आणि पक्षी मरू लागले.

आधी एक तरणा नर. पिसं फुगवून, कापसाच्या बोळ्यासारखा, पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी आडवा. मग त्याची मादी. मग एका घरट्यातली सगळी पिल्लं, डोळेही न उघडलेली. मामाने पिंजरा भिंतीकडे सरकवला, वारा लागत असेल म्हणून. पाण्याची वाटी बदलली. दाण्याची पिशवी ओतून एक एक दाणा पाहिला. पण मरायचं काही थांबेना. पिंजऱ्यातल्या काड्यांवर जागा होत गेली.

माणूस कारण शोधू लागला की त्याला ते जवळ कुठेतरी सापडायला हवं असतं. एका संध्याकाळी मामाची नजर चौकशीच्या बोटांवर गेली. शाळेतून येताना जिन्याखालच्या मांजरीला ती रोज कुरवाळायची, हे त्याला ठाऊक होतं.

“हात धुतेस का तू बरणीला लावण्याआधी?”

“धुते.”

“साबणाने?”

ती क्षणभर गप्प राहिली. रोज धुवायची, पण एखाद्या दिवशी विसरली असेल का, हे तिला आठवेना. तेवढं गप्प राहणं मामाला पुरलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने बरणी उचलून गॅलरीतल्या वरच्या फळीवर ठेवली, तिचा हात पोचणार नाही अशी, आणि म्हणाला की आजपासून तू पिंजऱ्याला हात लावायचा नाही.

त्या दिवसापासून चौकशीचे प्रश्न बंद झाले. आईने विचारलं, दात दुखतोय का. ती नाही म्हणाली. मांजर दिसली की ती जिन्याच्या दुसऱ्या कडेने चढायची. घरी आली की हात धुवायची, पुन्हा धुवायची, बोटांच्या पेरांवर सालं निघेपर्यंत. झोपताना तिला ती आंधळी पिल्लं दिसायची. आपण मारली, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं, आणि हे सांगायचं कुणाला?

एक गोष्ट मात्र तिच्याही लक्षात आली नाही, मामाच्याही नाही. दुपारचं धुणं चौकशीचं होतं. शाळेतून आल्यावर ती राळे धुवायची. आता मामा गॅरेजात, आई कारखान्यात, आणि बरणी वरच्या फळीवर, पत्र्याच्या छपराला लागून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तापत पडलेली.

शेवटी पिंजऱ्यात एकच जोडी उरली. म्हातारी आणि ढोल्या. म्हातारी ही मामाची सर्वांत जुनी मादी. तिच्या अंड्यांतून तेवढ्यात दोन पिल्लं बाहेर आली होती. मामा तासन्‌तास पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसायचा. ही गेली की पिंजरा भंगारात, असं तो आईला म्हणाला, आणि आईने त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

मामाच्या सुट्टीचा दिवस होता. चौकशी शाळेतून आली आणि जिन्यातच तिला वास आला. करपल्याचा, घशात बसणारा. शेजारच्या बाईंनी दारातून डोकावून विचारलं की तुमच्याकडे काय जळतंय गं? चौकशी धावत वर गेली. दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं होतं, त्यातलं दूध आटून काळं झालं होतं. गॅसकडे पाठ करून, हातभर अंतरावर, मामा स्टुलावर बसला होता. नव्या घरट्यासाठी तारेला काथ्या गुंडाळत होता.

“आलीस?” तो मान न वळवता म्हणाला. “दूध तापत ठेवलंय तुझ्यासाठी.”

चौकशीने गॅस बंद केला. तो बंद करताना तिच्या मनात काहीतरी जागेवर बसलं. काय ते तिला अजून शब्दांत सांगता आलं नसतं. मामा एवढा जवळ होता, आणि दुसऱ्या घरातल्या बाईंना कळलं ते त्याला कळलं नव्हतं.

मामाच्या शेजारचं रिकामं स्टूल उचलून ती गॅलरीत गेली, त्यावर चढली आणि वरच्या फळीवरून बरणी खाली घेतली. काच गरम लागली. फडकं काढायचीही गरज पडली नाही. बादलीत विसरलेल्या ओल्या कपड्यांसारखा, आंबट, कुबट वास. वरून दाणे छान दिसत होते. पिवळे, पांढऱ्या टोकांचे.

“बरणीला हात लावू नकोस म्हटलं होतं ना.” मामा दारात उभा होता.

“मामा, हे आंबलंय.”

“सकाळी वास घेतलाय मी. आत्ताच दुपारची वाटी भरून दिली म्हातारीला.”

तिने बरणी त्याच्यापुढे धरली. “आत्ता घे.”

मामाने बरणी घेतली. फडकं काढून नाक घातलं, डोळे मिटले, नेहमीसारखे. चौकशी त्याच्याकडे बघत होती, आणि आज पहिल्यांदा तिला दिसलं की डोळे मिटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही.

“चांगलं आहे,” तो म्हणाला.

“दूध करपलंय मामा. कधीचं. जिन्यात वास येतोय.”

तो वळला. गॅसवरचं काळं पातेलं त्याने पाहिलं, वर छताशी तरंगणारा धूर पाहिला. मग खाली बसला, तिथेच उंबऱ्यात, बरणी मांडीवर धरून. गॅलरीत ढोल्या एकदा पिपाणीसारखा वाजला आणि गप्प झाला.

मग मामा तुटक तुटक बोलला. तापातून उठल्यापासून वास येत नाही. आज येईल, उद्या येईल असं वाटत राहिलं. गॅरेजात थिनर सांडलं तरी कळत नाही. मालकाला सांगितलं तर रंगाच्या खोलीतून बाहेर काढेल. म्हणून कुणालाच सांगितलं नाही, ताईलाही नाही. आणि बरणीचं काय, हात सवयीने चालायचे, वाटायचं की दाणे दिसायला तर बरे आहेत.

“म्हणजे ती पिल्लं…” तो म्हणाला आणि तिथेच थांबला.

थोड्या वेळाने त्याने तिचा हात हातात घेतला, उलटा केला, पेरांवरची निघालेली सालं पाहिली.

“तुझे हात स्वच्छ होते,” तो म्हणाला.

ती रडली नाही. पळत पिंजऱ्याकडे गेली आणि आतली वाटी बाहेर काढली. अर्धी रिकामी झालेली. घरट्यात बोट घातलं तर एक पिल्लू गार लागलं. दुसरं अजून ऊबदार होतं आणि बोट लागताच त्याने चोच उघडली. म्हातारी पिसं फुगवून काडीवर बसली होती.

ते दुसरं पिल्लूही सकाळपर्यंत राहिलं नाही. ढोल्याही त्याच दिवशी गेला. मामाने तिघांना कुंडीतल्या मातीत पुरलं आणि म्हणाला की हिलाही कुणाकडे तरी देऊन टाकू, माझ्या हातात आता काही जगायचं नाही. आई म्हणाली, तुझं तू ठरव. म्हातारी कोरडे दाणे टिपत होती. हळूहळू, पण टिपत होती.

मामा डोकं धरून बसला होता. चौकशीने ना त्याची समजूत घातली, ना ती त्याच्यावर रागावली. तिने आईकडून पाणी उकळून घेतलं, बरणी धुतली, फडकं उकळून वाळत घातलं. संध्याकाळी नवे राळे भिजवले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतले, दुपारी शाळेतून येऊन धुतले, संध्याकाळी पुन्हा धुतले, आणि बरणी थाळीत तिरपी करून खोलीतल्या गार कोपऱ्यात ठेवली. कोंब डोकावले त्या सकाळी ती बरणी घेऊन मामासमोर उभी राहिली. तिने फडकं काढलं, नाक आत घातलं, डोळे मिटले. मग बरणी त्याच्या हातात दिली. मामाने सवयीने नाक खाली नेलं, आणि मध्येच थांबून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

तिने पुन्हा एकदा वास घेतला, खात्री होईपर्यंत, आणि म्हणाली, “वाढा पंगत.”