पुढचीचा कान

माझा आवाज मोठा आणि डोकं गरम. कानाच्या दवाखान्यात आयुष्य काढल्यावर दुसरं काय होणार? ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याशी ओरडून बोलायचं, आणि ज्यांना ऐकू येऊनही ऐकायचं नसतं त्यांच्यावर ओरडायचं.

त्या वर्षी डोंगरातल्या आदिवासी वस्त्यांमधल्या बायका माझ्याकडे शिकायला आल्या. तिकडे पोरांचे कान वाहतात. मोठं झालं की थांबेल म्हणून घरचे सोडून देतात. मग पडद्याला भोक पडतं, पोराला ऐकू येईनासं होतं आणि शाळा त्याला मठ्ठ ठरवून मोकळी होते. दवाखाना लांब, म्हणून वस्तीतल्याच बायकांना तयार करायचं ठरलं. बॅटरी लावून कानाचा पडदा कसा बघायचा, कापसाची वात करून पू कसा टिपायचा, मशीनवर ऐकणं कसं तपासायचं, सगळं मी शिकवायचं.

त्यातली एक रोज सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या बाकावर, अगदी माझ्या नाकासमोर बसायची. मी तिचं नावच पुढची ठेवलं. हात असा हलका, की किंचाळणारं पोरसुद्धा तिच्यापुढे कान करून गप बसायचं. तोंडावर कौतुक करायची मला सवय नाही. पण घरी नवऱ्याला म्हटलं, "एक हिरा सापडलाय."

"तुझ्या तावडीतून धड सुटला म्हणजे मिळवली," तो म्हणाला.

मग एकमेकींचं ऐकणं तपासायचा दिवस आला. एकीने मशीनचं बटण दाबायचं, दुसरीने हेडफोन लावून आवाज आला की बोट वर करायचं. पुढचीचं बोट अगदी वेळेवर वर जात होतं, बारीकातल्या बारीक आवाजालाही. मी खूश. तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. हेडफोनची वायर मशीनला लावलेलीच नव्हती! बटण दाबणारी बया विसरली होती.

माझं टाळकंच सरकलं. "काय गं, थट्टा लावलीये का माझी? कुठला आवाज आला तुला?"

ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिचे हेडफोन काढले, तिच्या पाठीमागे गेले आणि हाक मारली. मग ओरडले, माझ्या त्या आवाजात. बाकीच्या सगळ्या दचकल्या. पुढची सरळ समोर बघत बसली होती.

माझा राग कुठल्या कुठे पळाला.

तिला बाजूला नेऊन मी तिच्या कानांत पाहिलं. दोन्ही पडदे कधीच गेलेले. बटण दाबताना समोरचीचं कोपर हलायचं, ते बघून ती बोट वर करायची. आणि माझे ओठ बघून ती सगळा अभ्यास शिकली होती.

"शाळेत मला मठ्ठ म्हणून मागे बसवायचे," ती म्हणाली. "सिस्टर, मला घरी पाठवू नका. मला येतं हे काम."

येत होतंच की! पण आमचे कानाचे डॉक्टर म्हणाले, "जिला स्वतःला ऐकू येत नाही, ती दुसऱ्याचं ऐकणं काय तपासणार?" त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त चीड आली. शेवटी त्यांनी एक कबूल केलं. तिच्या कानाला ऐकू येण्याचं मशीन लावायचं. बोलणं ऐकू आलं तर ती राहील, नाहीतर घरी.

मशीन लावायच्या दिवशी तिची सासू पुढचीच्या लहानग्या लेकीला घेऊन आली. लेक कसली, नुसता भोंगा! "हे काय? ते काय? तुमच्या नाकावर तीळ का आहे?" दवाखाना डोक्यावर घेतला पोरीने.

मी पुढचीच्या कानांमागे मशीन बसवून चालू केलं. ती दचकून वर बघायला लागली. "हा पंखा एवढा ओरडतो?"

"घरघर ऐकू येणं वेगळं," डॉक्टर हाताची घडी घालून म्हणाले. "बोलणं कळतंय का ते बघा."

मी पोरीला पुढे ढकललं. "बोल गं आईशी." पोरगी आईसमोर उभी राहिली. तिचे ओठ भराभरा हलले. पुढची तिच्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"पंखा येतोय," ती म्हणाली. "हिचं काहीच येत नाही." आणि मशीन काढायला तिने कानाकडे हात नेला.

संपलं सगळं, असं वाटून मला रडूच फुटणार होतं. आणि एकदम लक्षात आलं, अरे, मलाही काही ऐकू आलं नव्हतं!

"ती आईशी अशीच बोलते, बोलायला लागली तेव्हापासून," सासूबाई म्हणाल्या. "नुसते ओठ हलवून."

"अगं बाई, आवाज काढून बोल की!" मी पोरीवर खेकसले.

ती माझ्याकडे वळली. आता आईला तिची फक्त पाठ दिसत होती. मीच कशी खुळी, अशा नजरेने माझ्याकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, "आईला आवाज लागत नाही."

पुढचीचा हात तिथेच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, मग लेकीच्या पाठीकडे.

"लागतो," ती म्हणाली. "लागतो गं बाळा. परत बोल."