पोरीवर निभावलं

दुधाचे पेले भरताना सासूबाईंचा हात कधी चुकत नसे. नातवाचा पेला काठोकाठ, वर साय. नातीचा निम्म्यावर आला की पातेलं सरळ होई. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे, "पोरीची जात. एवढं कशाला तिला? सवय लागली म्हणजे?" दुधाचीसुद्धा वाईट सवय लागते, हे शास्त्र त्या घरात फक्त मुलींसाठी होतं.

घर लॉन्ड्रीच्या मागेच होतं. पुढे दुकान, मध्ये कपडे धुण्याची ओली फरशी, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दोघे भाऊ गिऱ्हाइकं आणि पोचवापोचवी बघत, दोघी जावा इस्त्रीला उभ्या राहत. थोरलीला एक मुलगी, धाकटीला एक मुलगा. या एवढ्यात त्या घराचा सगळा कारभार आला. मुलाला आजी 'बाळराजे' म्हणे. मुलगी घरभर गरगरायची म्हणून ती 'भिंगरी'. आणि मुलाची आई म्हणून धाकटीचा शब्द थोरलीच्या शब्दाआधी ऐकला जाई, ताटही आधी वाढलं जाई. थोरली त्यावर कधी ब्र काढत नसे.

धाकटीनं हा मान फुकट मिळवला नव्हता. बाळराजे पोटात असताना ती ओल्या फरशीवरून घसरली आणि तिचा डावा हात मोडला. पोटातलं मूल सुखरूप आहे म्हटल्यावर सासूबाईंनी तिच्यादेखत सुटकेचा निःश्वास टाकला होता, "हातावर निभावलं गं बाई!" हात वाकडाच बसला. जड चादर झटकताना अजून कळ येई. पण पुढे मुलगाच झाल्यावर तो वाकडा हात धाकटी एखाद्या पदकासारखा मिरवू लागली.

असं सगळं सुरळीत चाललं असताना गेल्या काही आठवड्यांपासून धाकटीच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं कुठल्याही डॉक्टरला सापडणारं नव्हतं. भिंगरी बरी होत होती.

दमा दोन्ही पोरांना होता. भिंगरीचा जबर, बाळराजांचा बेताचा. मोठ्या इस्पितळात दम्याच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली, तेव्हा दोन्ही पोरांची नावं घातली गेली. दोघांना एकसारखे दिसणारे पंप मिळाले. अदलाबदल होऊ नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी पोरांनाच स्टिकर निवडायला लावले. बाळराजांच्या पंपावर हत्ती, भिंगरीच्या पंपावर पतंग. दोन वेळा पंप ओढायचा, चूळ भरायची, चुकवायचं नाही.

थोरली एक वेळ जेवायची विसरेल, पण पंप विसरत नसे. भिंगरी रडो, पळो, कॉटखाली लपो, थोरली तिला ओढून काढी आणि पंप देऊनच सोडी. बाळराजांनी मात्र नुसतं तोंड वाकडं केलं की आजी मध्ये पडे. "राहू दे गं, रडवू नकोस सकाळी सकाळी. संध्याकाळी घेईल." संध्याकाळी बाळराजे झोपलेले असत. झोपलेल्या राजाला उठवायची कुणाची छाती?

मग व्हायचं तेच झालं. भिंगरी शाळेचा जिना एका दमात चढू लागली, पळण्याच्या शर्यतीत दुसरी आली आणि सुटी झाली तरी गल्लीतून घरात येईना. बाळराजे खोकतच राहिले. दाराशी बसून ते भिंगरीचं पळणं बघत, आणि दारामागून धाकटी त्यांचं ते बघणं बघे. मुलगा माझा, आणि पळते ती हिची!

तपासणीच्या दिवशी दोघी पोरांना घेऊन इस्पितळात गेल्या. संशोधन विभागाच्या बाहेर लांबच लांब बाकं होती आणि त्यांवर तऱ्हेतऱ्हेचे रोगी बसले होते. कुणाच्या गुडघ्याची नवी शस्त्रक्रिया, कुणाच्या डोळ्यातलं औषध, कुणाची रक्तदाबाची गोळी. सगळ्यांवर कसले ना कसले उपचार तपासून बघणं चालू होतं, आणि सगळ्यांची एकाच गोष्टीबद्दल खात्री होती. चांगलं ते शेजारच्याला मिळालंय!

"माझा गुडघा लांब चिरला," काठी टेकून बसलेले एक आजोबा म्हणाले. "ह्यांना बघा, टीचभर भोक. वशिला, दुसरं काय?"

"अहो, पण तुम्ही चालत आलात," शेजारचा कळवळून म्हणाला. "मला खुर्चीतून आणलंय!"

आजोबांनी धाकटीकडे मोर्चा वळवला. "पोरांचं काय दुखणं?"

"दमा."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगा माझा," धाकटी चटकन म्हणाली. "मुलगी ह्यांची."

आत पोरांनी नळीत जोरानं फुंकर मारली. भिंगरीचा काटा टणकन वर गेला. बाळराजांचा निम्म्यात अडखळला. डॉक्टरीणबाईंनी थोरलीच्या पाठीवर हात ठेवला, "छान सांभाळलंत हो. अशी आई सगळ्यांना मिळो." झालं! धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खरं औषध तिलाच दिलंय ना?" ती फटकन बोलली. "आणि माझ्या मुलाला नुसती हवा?"

"हवा कुणालाच नाही हो," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "एक जुनं, माहितीचं औषध आहे आणि एक नवं. कुणाला कुठलं मिळालंय ते मलाही कळत नाही. कळलं तर मी नकळत झुकतं माप देईन, म्हणून मुद्दामच तसं ठेवलंय. ताकद मात्र ज्याच्या-त्याच्या आजाराप्रमाणे. भिंगरीचा दमा जास्त, म्हणून तिचा पंप जास्त ताकदीचा. तुम्ही मला एवढंच सांगा, हा रोज दोन्ही वेळा घेतो ना?"

"घेतो की," धाकटी म्हणाली. त्या सगळ्या बोलण्यातून तिच्या कानात एकच गोष्ट राहिली होती. तिचा पंप जास्त ताकदीचा.

घरी आल्यावर तिनं ती सासूबाईंच्या कानात ओतली. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "देवानं दात दिले त्याला चणे नाहीत, म्हणतात ना, त्यातली गत. पोरगी काय, आज आहे उद्या दुसऱ्याच्या घरी. तिला ताकदीचं, आणि ज्यानं घर चालवायचं त्याला पुचाट?" मग देठ मोडत म्हणाल्या, "पंप तर दोन्ही एकाच फडताळात असतात."

एवढंच बोलल्या त्या. जिभेला हाड नसतं, पण काही बायका जीभ न हलवताही काम करून घेतात.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. धाकटीनं इस्त्रीत पाणी भरलं, वाफ धरली आणि दोन्ही पंप त्या वाफेवरून फिरवले. स्टिकरांचा डिंक सैल झाला, तशी चित्रं इकडची तिकडे गेली. पतंगाचा एक कोपरा दुमडला, तो तिनं नखानं सपाट केला. गिऱ्हाइकाच्या कॉलरवरची सुरकुती काढावी, इतक्या सफाईनं काम झालं. आईनं मुलासाठी केलं तर त्यात पाप कसलं, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं.

त्या दिवसापासून धाकटी स्वतः बाळराजांना धरून पंप देऊ लागली. आजी मध्ये पडली नाही. नियमानं औषध मिळाल्यावर पोरगा आठवड्याभरात सुधारला. आणि थोरली रोज, एकही वेळ न चुकवता, पतंगाचा पंप लेकीच्या तोंडाला लावत राहिली.

भिंगरी आधी शाळेच्या जिन्यात थांबू लागली. मग गल्लीतून लवकर परत येऊ लागली. एक दिवस ती येऊन दाराशी बसली आणि बाळराजे पुढे पळत गेले. इस्त्री करता करता धाकटीनं ते पाहिलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. तहानेनं जीव कासावीस झाल्यावर गार पाणी मिळावं, तसं बरं वाटलं. मग भिंगरीनं तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि तिला खोकल्याची उबळ आली. धाकटीनं चटकन मान खाली घातली.

"दोन दिवसांनी तपासणी आहेच," थोरली म्हणाली. "तेव्हा दाखवते."

तपासणीचा दिवस उजाडलाच नाही. आदल्या दुपारी भिंगरी शाळेतून आली ती भिंतीला धरून. बोलायला गेली तर अर्ध्या शब्दावर श्वास संपे. धाप लागल्यावर द्यायचा वेगळा निळा पंप थोरलीनं दिला, पुन्हा दिला. उतार पडेना. ओठ काळेनिळे दिसू लागले. "काकू," पोर कशीबशी म्हणाली, "मला... पळायला..." पुढचं तिला म्हणता आलं नाही. धाकटीनं तिला उचललं. वाकड्या हातातून जाळ निघाला, तरी दुकानासमोरच्या रिक्षापर्यंत तिनंच नेलं.

इस्पितळात आत पोरीच्या तोंडावर मास्क लावून औषधाची वाफ सुरू झाली. दोघी जावा दाराबाहेर उभ्या राहिल्या. थोरली रडत नव्हती. बोटं मोडत पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "मी तर एकही वेळ चुकवली नाही. चुकवली का गं? तू सांग ना. कुठेतरी माझंच चुकलं असेल."

तेवढ्यात सासूबाई धापा टाकत आल्या. नातू गल्लीत दिसला नव्हता, म्हणून इस्पितळात नेलंय ते त्यालाच, असं त्यांना वाटलं होतं. बाळराजे शेजारी खेळताहेत, आत भिंगरी आहे, हे कळल्यावर त्या बाकावर टेकल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाल्या, "हुश्श! पोरीवर निभावलं."

थोरलीनं ऐकलं. तिला वाईट वाटलेलं दिसलंसुद्धा नाही, इतकं ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण धाकटीचा हात ठणकला. तोच निःश्वास, तोच सूर! हातावर निभावलं, तेव्हा तिला वाटलं होतं की आपला मान झाला. या घरात बाईवर नेहमीच काहीतरी निभावत होतं. कधी हातावर, कधी निम्म्या पेल्यावर, आज पोरीच्या श्वासावर. आणि निभावून घ्यायला या वेळी वाफेची इस्त्री तिनं स्वतः धरली होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "जीव वाचतोय. पण एवढं बिघडलं कसं? रोजचा पंप चालू होता ना?"

"हिचंच दुर्लक्ष," सासूबाई थोरलीकडे बोट दाखवत म्हणाल्या. थोरलीनं मान खाली घातली.

गप्प राहायला एवढंसं बळ पुरलं असतं. घरातली प्रत्येक बाई तेवढं बळ घेऊनच जगत होती.

"दुर्लक्ष नाही," धाकटी म्हणाली. "पंप मी बदलले. पतंग हत्तीवर लावला आणि हत्ती पतंगावर. माझ्या पोटात दुखत होतं म्हणून. ताईंनी रोज नेमानं दिलं, पण ते बाळराजांचं दिलं."

"गप्प बस धाकटे!" सासूबाई उठल्या. "वेड लागलंय हिला!"

"गप्पच होते इतके दिवस. तुम्हीही फडताळ दाखवून गप्पच बसलात."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्या तशाच आत गेल्या. अशा प्रसंगी कुणाला काय मिळतंय ते उघडून बघायची सोय ठेवलेली असते. परत येऊन त्या म्हणाल्या, "दोघांनाही जुनंच औषध मिळालं होतं. एकच. फरक होता तो फक्त ताकदीचा, आणि ती भिंगरीला जगण्यासाठी लागत होती. तुमचा मुलगा त्याच्या स्वतःच्या पंपावरच बरा झाला असता, बाई. रोज दिला असता तर."

एकच औषध! धाकटीला जळायलाही काही उरलं नाही.

थोरलीनं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. "यापुढे माझ्या लेकीला तू पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाहीस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. मग ती सासूबाईंकडे वळली, "आणि तिचा पेला यापुढे मी भरणार. काठोकाठ." एवढी दोन वाक्यं बोलायला तिला कितीतरी वर्षं लागली होती. ती आत लेकीपाशी गेली आणि दार लागलं. तिच्यामागोमाग आत जायचा हक्क आपल्याला नाही, हे धाकटीला कळत होतं. तिला थोरलीचा हेवा वाटला, आणि या वेळचा हेवा खरा होता.

ती बाकावर बसून राहिली. काठीवाले आजोबा आज पुन्हा आले होते. त्यांनी हळूच विचारलं, "आत कोण आहे, बाळ?"

"आमचं मूल आहे."

"मुलगा की मुलगी?"

धाकटीनं वाकडा हात दुसऱ्या हातात घट्ट धरला. समोर सासूबाई बसल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आजोबा, त्याला श्वास घेता येत नाहीये. आणखी काय सांगायचं राहिलं?"

आजोबांनी काठी बाजूला ठेवली आणि दाराकडे बघत बसले. वाचणाऱ्या बायाबापड्यांनो, ते दार अजून बंद आहे. बाहेर बसलेलं कुणीतरी तुम्हालाही विचारील, मुलगा की मुलगी? तुमच्या घरच्या फडताळात निम्मे भरलेले पेले किती आहेत, ते आठवून मग काय ते उत्तर द्या.