शिगुरेच्या शेवटच्या दिवशीचा फोन

ओगोतोच्या, बायका गिऱ्हाइकांना आंघोळ घालतात तसल्या न्हाणीघरांत मी बावीस वर्षं जातोय, तेव्हा नवख्यांना फुकटचे सल्ले देण्याचा हक्क मी कमावलाय. नखं कापून जा, पिऊन जाऊ नका, आणि ठरल्या वेळेच्या तासभर आधी फोन करून ‘येतोय’ म्हणून कळवा. फोन चुकला की तुमची वेळ दुसऱ्याची झालीच म्हणून समजा. खरं नाव मात्र सांगू नये. कुणी सांगतही नाही, तिथल्या बायकाही नाहीत.

त्या दिवशी शिगुरेच्या कामाचा शेवटचा दिवस होता. चाळिशी ओलांडलेली बाई. बारा वर्षं मी तिच्याकडेच जात होतो. बायको गेल्यापासून माझ्या पाठीला दुसऱ्या कुणाचा हात लागला असेल, तर तिचा. तिची दोनची वेळ मी महिनाभर आधी, फोन लावून लावून बोटं दुखवून मिळवली होती. एकदा नीट निरोप घ्यायचा होता, बाकी काही नको. एकसष्ट वर्षांचा मी, पण छातीत नुसती धडधड!

एकला दहा कमी असताना स्टेशनवरून फोन लावला.

“दोन वाजता, शिगुरेकडे. निशिबोरी बोलतोय.”

“निशिबोरी?” काउंटरवरचा माएजिमा म्हणाला. “या नावाने काहीच नाहीये, साहेब.”

आनंदाच्या भरात मी चक्क खरं नाव सांगून बसलो होतो!

“कुगा! वेळ कुगा नावाने घेतलीय मी!”

“वा, आधी निशिबोरी, आता कुगा. सकाळपासून चौघांनी दोनची वेळ आपलीच म्हणून सांगितलंय.”

“अरे बाबा, बारा वर्षं येतोय मी!”

“आज सगळेच बारा वर्षं येतायत.”

एकला पाच कमी. “तिलाच विचार ना! आंघोळीनंतर कुगा काय पितो? जवाचा गार चहा, बर्फ न घालता. दाढ दुखते माझी!” मी ओरडलो तशी शेजारची म्हातारी पिशवी घेऊन दुसऱ्या बाकावर गेली.

एकला एक कमी असताना माएजिमा हसत फोनवर परत आला. “गाडी पाठवतो, साहेब. ती विचारतेय, डावीकडची दाढ अजून काढली नाही का?”

मी पोहोचलो तेव्हा शिगुरे नेहमीसारखी जिन्यापाशी गुडघे टेकून बसली होती. जमिनीला बोटं लावून तिने मान झुकवली.

“या, निशिबोरीसान.”

एका पायातला बूट काढायचा तसाच राहिला. बायको गेल्यावर घरी मी आजोबा झालो, ऑफिसात नुसता हुद्दा. माझं नाव इतक्या मायेने घेणारं कुणी उरलंच नव्हतं. डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना.

“आणि तुझं नाव?” मी विचारलं.

“शिगुरे,” ती हसून म्हणाली. “आज संध्याकाळपर्यंत तरी शिगुरेच. चला, पाणी निवतंय.”

मी दोन-दोन पायऱ्या चढत तिच्या मागे गेलो.